नर मोठा की मादी? पक्ष्यांच्या आकारातून ओळखा घरट्याचा कारभार

शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठावर, गोठ्याच्या आढ्याला आणि परसातल्या खुराड्यात आपण पक्षी रोज पाहतो. कोंबडा कोंबडीपेक्षा थोराड असतो, मोर लांडोरीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे पक्ष्यांत नर हा नेहमीच मोठा असतो, असा आपला समज झालेला असतो. प्रत्यक्षात तसे नाही. शिक्रा, ससाणा, घुबड, भारद्वाज, कमळपक्षी यांची मादी नरापेक्षा मोठी असते. पारवा, होला, टिटवी आणि साळुंकी यांत तर नर कोणता व मादी कोणती हे नुसत्या नजरेने ओळखताही येत नाही.

हा फरक केवळ शोभेचा नाही. जोडी कशी जमते, अंडी कोण उबवते आणि पिलांना चारा कोण आणते, याच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. म्हणूनच तो शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. काही पक्ष्यांत एक नर मेला तरी घरट्याचे काही बिघडत नाही. काहींत मात्र एक नर मेला की घरट्यातली सगळी पिले उपाशी मरतात. खुराड्यात दहा कोंबड्यांना एक नर पुरतो, पण कबुतरांत प्रत्येक मादीला स्वतंत्र नर लागतो. या सगळ्यामागचे सूत्र एकदा लक्षात आले की शेतातील उपयोगी पक्षी वाचवणे आणि घरचे कुक्कुटपालन नीट चालवणे, ही दोन्ही कामे सोपी होतात.

मुळात फरक का पडतो?

गाय-म्हशींमध्ये वासराला दूध पाजण्याचे काम मादीलाच करावे लागते. पक्ष्यांचे तसे नाही. अंडे घालण्याचे काम सोडले तर बाकीची सर्व कामे, म्हणजे घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिलांना भरवणे व त्यांची राखण करणे, नरालाही करता येतात. पारव्याच्या बाबतीत तर नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातील पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो व दोघेही तो पिलांना भरवतात.

ही कामे दोघांनी मिळून करायची की एकट्याने, हे मुख्यतः पिलांच्या अवस्थेवर ठरते. चिमणी, साळुंकी, पारवा, घुबड यांची पिले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा अगदी दुबळी असतात. बहुतेकांचे डोळे मिटलेले व अंग जवळजवळ उघडे असते. त्यांना आठवडेच्या आठवडे भरवावे लागते. अशा ठिकाणी एकट्या पक्ष्याचे काम सहसा भागत नाही. याउलट कोंबडी, मोर, लावा, माळढोक यांची पिले जन्मल्यानंतर थोड्याच वेळात आईमागे चालू लागतात. येथे एक पालक पुरेसा होतो आणि दुसरा मोकळा राहतो.

जो मोकळा राहतो तो पुन्हा नवी जोडी जमवण्याच्या मागे लागतो. मोकळे राहणारे अनेक झाले की त्यांच्यात चुरस लागते. या चुरशीत जो थोराड, ताकदवान किंवा दिसायला देखणा, त्याला संधी अधिक मिळते आणि त्याचेच गुण पुढच्या पिढीत उतरतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला. पिढ्यान् पिढ्या असे घडत गेल्याने नर-मादीत आकाराचा व रंगाचा मोठा फरक पडतो. थोडक्यात, चुरस ज्या बाजूला जास्त, ती बाजू सहसा मोठी किंवा भडक रंगाची होते.

जोडीने संसार करणारे पक्षी

पक्ष्यांच्या सुमारे ९० टक्के जाती जोडीने राहून पिले वाढवतात. यांत नर-मादीच्या आकारात फारसा फरक नसतो. आपल्या ओळखीचे पारवा, होला, साळुंकी, टिटवी व सारस हे या गटातील पक्षी होत. चिमणीमध्ये नराच्या गळ्यावर काळा पट्टा असतो, पण आकार जवळजवळ सारखाच असतो. जोडीने राहणे म्हणजे एकनिष्ठपणाच असे मात्र नाही. पिलांच्या रक्ततपासणीवरून असे आढळून आले आहे की, अनेक जातींत घरट्यातील सर्वच पिले त्या घरट्यातील नराची नसतात. तरीही पिले वाढवण्याची मेहनत दोघे मिळूनच करतात.

टिटवी उघड्या रानात, ढेकळांत किंवा मुरमात बहुधा चार अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने त्यांवर बसतात. एक बसलेला असताना दुसरा राखण करतो व माणूस किंवा कुत्रे जवळ येताच ओरडून त्याला दूर नेण्याचा प्रयत्न करतो. गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांत सारस पक्षी घरटे करतो. तेथेही दोघेच मिळून अंडी उबवतात, आणि अंडी साधारणपणे दोनच असतात. अशा जोडीतील एक पक्षी विजेच्या तारेला धडकून किंवा विषबाधेने मेला तर त्या हंगामातील घरटे बहुधा वाया जाते. या गटातील पक्ष्यांचे संरक्षण करताना नर आणि मादी या दोघांचेही मोल सारखेच समजावे.

नर मोठा, संसार मादीचा

मोराचे वजन साधारणतः ४ ते ६ किलो भरते, तर लांडोरीचे पावणेतीन ते चार किलो. मोर पावसाळ्याच्या तोंडावर आपली ठरावीक जागा धरून पिसारा फुलवतो व लांडोरींना आकर्षित करतो. समागम झाला की त्याचे काम संपले. लांडोर एकटीच झुडपाखाली, बांधाच्या कडेला किंवा दाट पिकात जमिनीवर ४ ते ६ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस एकटीच उबवते. मोराचा पिसारा हंगाम संपल्यावर आपोआप गळतो. तेव्हा पिसाऱ्यासाठी मोर मारण्याचे काही कारणच नाही. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी म्हणून घोषित झाला व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला संपूर्ण संरक्षण आहे. लांडोरीच्या अंड्यांनाही तेच संरक्षण आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

या गटातील सर्वांत ठळक उदाहरण माळढोकाचे आहे. माळढोकाचा नर ८ ते १४ किलो वजनाचा होतो, तर मादी साडेतीन ते साडेसहा किलोची, म्हणजे जवळजवळ निम्मी. विणीच्या काळात नर माळावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर घेतो आणि लांबवर ऐकू जाणारा घुमारा काढतो. माद्या येतात, नर निवडतात आणि निघून जातात. पुढे मादी उघड्या माळावर किंवा पडीक रानात बहुधा एकच अंडे घालते. ते अंडे सुमारे २७ दिवस ती एकटी उबवते. पिलू पुढे अनेक महिने तिच्याच सोबत राहते.

आता याचा हिशेब पाहू. माळावर उभा असलेला मोठा नर लांबूनही दिसतो. त्यामुळे तो शिल्लक आहे म्हणजे जात सुरक्षित आहे, असे वाटते. पण जातीचे भवितव्य त्या लहान, मातकट रंगाच्या, न दिसणाऱ्या मादीवर आणि तिच्या एकुलत्या एका अंड्यावर अवलंबून असते. ते अंडे नांगराखाली गेले, मेंढरांच्या पायाखाली आले किंवा मोकाट कुत्र्याने खाल्ले की बहुधा त्या मादीचे वर्ष फुकट गेले. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य करण्यात आले. तरीही माळराने कमी झाली, पाण्याखालची पिके वाढली, विजेच्या तारा आल्या आणि आपल्या राज्यातून हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला. २०११ साली जागतिक यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. आज देशात जे थोडे माळढोक उरले आहेत ते मुख्यतः राजस्थानातील जैसलमेर भागात आहेत. तेथे पैदास केंद्र चालवले जाते आणि २०२४ साली कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पहिले पिलू जन्मास आले. वर्षाला एक अंडे देणाऱ्या पक्ष्याची संख्या एकदा घटली की ती भरून काढणे किती कठीण जाते, हे यावरून ध्यानात येईल.

सुगरण : फरक आकाराचा नव्हे, रंगाचा

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबताना आपण पाहतो. नाव सुगरण असले तरी खोपा विणतो तो नर. एरवी नर आणि मादी दिसायला चिमणीसारखे व जवळजवळ एकाच आकाराचे असतात, पण विणीच्या हंगामात नराचे डोके व छाती पिवळीधमक होते. नर खोपा अर्धा विणून थांबतो. माद्या येऊन तो पाहतात. एखादीला पसंत पडला तर ती तेथे राहते आणि मग नर खोपा पुरा करून त्याला खाली लांब नळी जोडतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. मादी अंड्यांवर बसली की नर त्याच झाडावर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण करून नराची ही पद्धत उजेडात आणली.

सुगरणीची पिले दुबळी असूनही मादी ती बहुतांशी एकटी कशी वाढवते, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर पावसाळ्यात आहे. त्या काळात शिवारात अळ्या, नाकतोडे व इतर किडी भरपूर असतात आणि मादीला चारा जवळच मिळतो. हा पक्षी ज्वारी-बाजरीचे दाणे खातो हे खरे, पण पिलांना तो मुख्यतः किडी भरवतो. खोपे असलेली बाभूळ पावसाळ्यात तोडू नये ती याचसाठी.

मादी मोठी, संसार नराचा

आता याच्या अगदी उलट प्रकार पाहू. भंडारा व गोंदिया भागातील जुन्या मालगुजारी तलावांत, तसेच कमळ आणि शिंगाडा असलेल्या तळ्यांत कमळपक्षी आढळतात. लांब बोटांमुळे ते तरंगत्या पानांवर सहज चालतात. यांतील कांस्यपंखी कमळपक्ष्याची मादी नरापेक्षा वजनाने सुमारे ६० टक्के अधिक असते. ती तळ्याचा मोठा भाग ताब्यात ठेवते, इतर माद्यांशी भांडते आणि तिच्या हद्दीत एकापेक्षा अधिक, कधी चारपर्यंत नर असतात. प्रत्येक नराच्या घरट्यात ती चार अंडी घालून मोकळी होते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे हे काम नराचे. धोका दिसला की नर पिलांना पंखाखाली धरून चालू लागतो.

असे का व्हावे? तरंगत्या पानांवरचे घरटे फार कच्चे असते. पाणी वाढले, वारा सुटला, साप आला की अंडी जातात. अशा वेळी लगेच पुन्हा अंडी घालू शकणारी, धष्टपुष्ट व मोकळी मादी उपयोगी पडते. पिले जन्मताच चालणारी असल्याने एक पालक पुरतो आणि येथे तो नर असतो. चुरस माद्यांमध्ये लागते, म्हणून मादी मोठी होते.

धानाच्या बांध्यांत आणि दलदलीत राहणाऱ्या रंगीत पाणलाव्याचेही असेच आहे. त्याची मादी मोठी व गडद रंगाची, तर नर फिकट व ठिपक्यांचा असतो. गवतात राहणारा, पायाला मागचे बोट नसलेला तीन बोटांचा लावा हाही याच रीतीचा. त्याची अंडी नर सुमारे १२ दिवसांत उबवतो. शेतात निंदणी-कापणी करताना अंड्यांवरून उठलेला फिकट पक्षी मादीच असेल असे आपण धरतो, पण या जातींत तो नर असतो.

शिकारी पक्ष्यांत मादी मोठी का?

शिक्रा, ससाणा, गरुड व बहुतेक घुबडे यांतही मादी मोठी असते. बहिरी ससाण्याचा नर मादीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने लहान असतो. पण येथे कारण वेगळे आहे. हे पक्षी जोडीनेच संसार करतात. मादी अंड्यांवर बसते, लहान पिलांना ऊब देते आणि घरट्याची राखण करते. नर शिकार आणून देतो. चपळपणे शिकार करण्यास लहान अंगाचा नर बरा पडतो आणि घरटे राखण्यास थोराड मादी बरी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दोघांचा आकार वेगळा असल्याने ते लहान-मोठी अशी वेगवेगळी शिकार धरतात, असे दुसरे स्पष्टीकरण आहे. शास्त्रज्ञांचे यावर अद्याप एकमत झालेले नाही. मात्र कामाची वाटणी कशी असते हे नक्की माहीत आहे आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

गव्हाणी घुबड हा शेतकऱ्याचा खरा मित्र आहे, कारण त्याचा मुख्य आहार उंदीर हाच होय. जुने वाडे, पडक्या इमारती, झाडांच्या ढोली येथे ते राहते. मादी साधारणतः ४ ते ७ अंडी घालते आणि सुमारे एक महिना ती उबवते. त्या काळात व पिले अगदी लहान असतानाही ती फारशी बाहेर पडत नाही. सुमारे दीड महिना मादीचे व पुढे पिलांचे पोट एकट्या नराच्या शिकारीवर चालते. अशा वेळी अपशकुनी समजून कोणी दगड मारून नराला ठार केले, किंवा विषारी उंदीर खाऊन नर मेला, तर मादीला अंडी सोडून उठावे लागते किंवा पिले उपाशी मरतात. म्हणजे एका पक्ष्याबरोबर पाच-सहा घुबडे जातात आणि त्यांनी पुढे खाल्ले असते ते उंदीर आपल्या पिकावर राहतात.

एक अपवादही लक्षात ठेवा

अकोला व वाशिम भागातील गवताळ रानात पावसाळ्यात विणीसाठी येणारा तणमोर हा माळढोकाच्याच कुळातला आहे. त्याचा नरही घरट्याकडे पाहत नाही. मग नियमाप्रमाणे नर मोठा हवा. पण तणमोराची मादी नरापेक्षा मोठी असते. याचे कारण नराच्या प्रदर्शनाच्या पद्धतीत असावे. तणमोराचा नर उंच गवतातून माणसाच्या उंचीइतकी उडी मारून स्वतःला दाखवतो आणि अशा शेकडो उड्या तो दिवसभरात मारतो. उडीला हलके अंग बरे पडते. चुरस ताकदीची असेल तर अंग वाढते, चुरस उडीची असेल तर अंग हलके राहते. तेव्हा केवळ आकारावरून निष्कर्ष काढू नये, पक्षी काय करतो हेही पाहावे. या भागातील फासेपारधी समाजातील मंडळी, ज्यांचा परंपरागत व्यवसाय शिकार हा होता, ती आज तणमोराच्या संरक्षणात सहभागी आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

कुक्कुटपालनात याचा उपयोग

पाळीव पक्ष्यांच्या सवयी त्यांच्या रानटी पूर्वजांवरून आलेल्या आहेत. कोंबडीचा पूर्वज रानकोंबडा असून त्यात एक नर अनेक माद्यांसोबत राहतो व अंड्यांवर बसत नाही. म्हणून गावरान कोंबड्यांत एक नर ८ ते १० माद्यांना पुरतो. पैदाशीसाठी ठेवायचे सर्वसाधारण प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

कोंबडी : १ नर, ८ ते १० माद्या
गिनी कोंबडी : १ नर, ४ ते ५ माद्या
टर्की (मध्यम जात) : १ नर, ५ माद्या
टर्की (भारी जात) : १ नर, ३ माद्या
जपानी लावा : १ नर, २ ते ३ माद्या
कबुतर : १ नर, १ मादी

या प्रमाणामागची कारणेही समजून घ्यावीत. गिनी कोंबडी रानात जोडीने राहणारी आहे. नर व मादी सारखेच दिसतात, मात्र दोन तुकड्यांचा आवाज फक्त मादी काढते, त्यावरून ती ओळखावी. टर्कीचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो. समागमाच्या वेळी त्याच्या नखांनी मादीची पाठ फाटते, म्हणून नराची नखे कापून बोथट करावीत. फार भारी जातींत नराला नैसर्गिक समागम जमत नाही व कृत्रिम रेतन करावे लागते. जपानी लाव्यात मादी नरापेक्षा जड असते. सुमारे तीन आठवड्यांच्या वयात छातीवरून त्यांची ओळख पटते. नराची छाती तांबूस तपकिरी असते, तर मादीच्या छातीवर काळे ठिपके असतात. येथे मादी मोठी असली तरी नर अंडी उबवत नाही, हे ध्यानात घ्यावे.

नर जास्त ठेवले म्हणजे फलित अंडी जास्त मिळतील, ही समजूत चुकीची आहे. जादा नर आपसांत भांडतात आणि कोंबड्यांना त्रास देतात. शिवाय कोंबडी आपल्या कळपातील दुय्यम नराचे वीर्य बाहेर टाकू शकते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे.

आणखी एक महत्त्वाची बाब. कोंबडीच्या शरीरात नराचे वीर्य दोन ते तीन आठवडे जिवंत राहते. गावरान कळप सुधारण्यासाठी आपण जुना नर काढून सुधारित जातीचा नर सोडला, तरी पहिल्या काही दिवसांच्या अंड्यांतून जुन्याच नराची पिले निघू शकतात. म्हणून जुना नर काढल्यानंतर तीन आठवड्यांनी जमा केलेली अंडीच खुडूक कोंबडीखाली किंवा उबवण यंत्रात ठेवावीत. मधल्या काळातील अंडी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी वापरावीत.

इमूच्या अनुभवावरूनही शिकण्यासारखे आहे. इमूची मादी नरापेक्षा थोडी मोठी असते आणि नर सुमारे आठ आठवडे जवळजवळ न खाता अंडी उबवतो. हा पक्षी जोडीने ठेवावा लागत असल्याने अंडी देणाऱ्या प्रत्येक मादीमागे एक नर वर्षभर पोसावा लागतो. कोंबडीच्या हिशेबाने इमूचा खर्च मांडता येत नाही. २०१२ च्या सुमारास इमूपालनाच्या योजना कोलमडल्या त्याचे मुख्य कारण मांस व अंड्यांना बाजार नसणे हे होते. पण कोणताही नवा पक्षी पाळण्यापूर्वी त्याची जोडीची रीत विचारून घ्यावी, हा धडा त्यातून घ्यावा.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) नांगरणी, कुळवणी किंवा कापणी करताना जमिनीवर अंडी आढळल्यास त्याभोवती खुणेची काठी रोवून थोडी जागा सोडावी. अंडी हलवू नयेत व घरी आणून कोंबडीखाली ठेवू नयेत. रानपक्ष्यांची अंडी गोळा करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

२) पडीक माळ व गवताळ रानात जून ते सप्टेंबर या काळात चराई बेताची ठेवावी. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त गावपातळीवर करावा.

३) उंदीर नियंत्रणासाठी प्रथम जिवंत बिळे ओळखून फक्त तेथेच आमिष वापरावे. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. घुबडाचे घरटे जवळ असल्यास त्या भागात ब्रोमॅडिओलोनसारखी हळू काम करणारी विषे टाळावीत, कारण विष खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत फिरतो आणि घुबडाच्या तावडीत सापडतो. अशा ठिकाणी सापळे वापरावेत.

४) जुनी ढोलीची झाडे सरसकट तोडू नयेत. इस्राएलमध्ये १९८३ पासून शेतात लाकडी पेट्या लावून गव्हाणी घुबडांना घरट्याची सोय करून देण्यात आली आहे. आपणही गोदामाच्या किंवा गोठ्याच्या उंच, शांत कोपऱ्यात अशी पेटी लावू शकतो.

५) शिंगाड्याच्या तळ्यात पावसाळ्यात वेल साफ करताना पानांवरील घरट्यांकडे लक्ष द्यावे. अंड्यांजवळ फिरणारा लहान पक्षी हाच त्यांचा एकमेव राखणदार असतो.

६) खुराड्यातील नरांची संख्या वरील प्रमाणात ठेवावी. नर दरवर्षी दुसऱ्या कळपातून आणावा, म्हणजे जवळच्या नात्यातील पैदास टळते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी बांधावर पक्ष्यांची जोडी दिसली की त्यातला मोठा कोण, लहान कोण, आणि अंड्यांवर कोण बसते हे जरूर पाहावे. ज्याच्यावर घरट्याचा भार, त्याला जपले तर पुढची पिढी टिकते. हा पक्षी नेहमी देखणा किंवा मोठा असेलच असे नाही. पुष्कळदा तो मातकट रंगाचा, लहानसा आणि ढेकळांत न दिसणारा असतो. आपल्या नांगराच्या तासात तोच आधी येतो, म्हणून त्याला ओळखणे हे आपल्याच हिताचे आहे.